कंदील खाली ठेवला, त्यानंतरची ५४ वर्षं

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? रात्रीची वेळ, हातात दिवा आणि जखमी सैनिकांच्या रांगांतून फिरणारी बाई. बरोबर! पण जरा हिशेब करा. युद्धाच्या त्या इस्पितळांत ती होती दोन वर्षांहूनही कमी. जगली मात्र ९० वर्षं. मग बाकीच्या आयुष्याचं काय? त्यातली कितीतरी वर्षं तिने खोलीत, पलंगावर काढली. हा भाग शाळेच्या धड्यात येतच नाही.

तिचा जन्म १२ मे १८२०चा, इटलीतल्या फ्लॉरेन्सचा. शहराचंच नाव तिला मिळालं. घर श्रीमंत इंग्रजाचं. मुलीने नर्स व्हायचं म्हटल्यावर घरच्यांनी कडाडून विरोध केला, पण ती बधली नाही. १८५४ मध्ये क्रिमियन युद्धाच्या वेळी ती ३८ जणींना घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुटारीला पोचली. पुढच्याच मे महिन्यात बालाक्लावाला तापाने अशी फणफणली, की मरता मरता वाचली.

१८५६ मध्ये ती इंग्लंडला परतली तेव्हा देशाची लाडकी होती, पण शरीर पहिल्यासारखं राहिलं नव्हतं. वर्षभरात ती कोसळली. १८६१च्या अखेरीस पाठीचं दुखणं इतकं वाढलं, की पुढची काही वर्षं तिला उचलून या खोलीतून त्या खोलीत न्यावं लागे. तेव्हा तिचं वय होतं फक्त ४१.

बाहेरून जखम काहीच दिसत नव्हती. त्यामुळे ही बाई आजाराचं सोंग करते, हे सगळं मनाचे खेळ आहेत, असं पुढे अनेकांनी लिहून टाकलं. आज अभ्यासकांचा कल ब्रुसेलोसिस या जंतुसंसर्गाकडे आहे. तरीही फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांनी जागृती दिन म्हणून तिचाच वाढदिवस निवडला. कारण 'दिसत नाही, म्हणजे नाहीच' हे त्यांनाही रोज ऐकावं लागतं.

फायब्रोमायल्जियात अंगभर दुखतं, झोपूनही थकवा जात नाही. १९०४ मध्ये लंडनच्या विल्यम गॉवर्स या डॉक्टरांनी अशा दुखण्याला 'फायब्रोसायटिस' म्हटलं. स्नायूंच्या तंतूंना सूज येत असावी, असा त्यांचा अंदाज. फ्लॉरेन्स तेव्हा त्याच शहरात राहत होती, ८४ वर्षांची. पुढे स्नायूंचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तर तशी सूज सापडली नाही. म्हणून १९७६ पासून 'फायब्रोमायल्जिया' हे नाव रुळलं.

मग ताकद कमी का भरते? कारण मोजली तर ती खरंच कमी भरते, हाताच्या पकडीतही आणि पायांतही. मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेच्या बाबतीत अतिसंवेदनशील होतात, साधा दाबही दुखतो. दुखतं म्हणून हालचाल कमी, हालचाल कमी म्हणून स्नायू दुबळे आणि दुबळे स्नायू लवकर थकतात. असं हे चक्र. ते तोडायला औषधांपेक्षा व्यायामाचा जास्त भरवसा वाटतो, अगदी हलक्या वजनांपासून हळूहळू वाढवत नेलेल्या व्यायामाचा. पण तो आपल्या झेपेल तेवढाच, डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने. 'जिम लाव, बरी होशील' असा टोमणा म्हणजे सल्ला नव्हे!

फ्लॉरेन्सनेही शक्ती जपून वापरली. भेटायला एका वेळी एकच माणूस, तोही वेळ ठरवून. त्या खोलीतून तिने नर्सिंगवर पुस्तक लिहिलं, १८६० मध्ये लंडनला नर्सिंगची शाळा उभी केली, आकडेवारीचे तक्ते काढून सरकारला जागं केलं. भारतात ती कधीच आली नाही, पण इथल्या लष्कराच्या आरोग्यावर तिने लिहिलं आणि खेड्यांच्या स्वच्छतेबद्दल पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहारही केला. १९०७ मध्ये 'ऑर्डर ऑफ मेरिट' मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. १३ ऑगस्ट १९१० रोजी ती गेली.

आता 'बघा, आजारी असून तिने किती काम केलं' असं म्हणून कुणा आजारी मैत्रिणीला लाजवू नका हं. फ्लॉरेन्सकडे पैसा होता, नोकरचाकर होते, दार लावून घ्यायला स्वतःची खोली होती. तुमच्या वर्गातल्या मुलीला लोकलमध्ये उभं राहून यायचंय आणि तीन मजले चढून लेक्चर गाठायचंय. ती दुसऱ्या मजल्यावर जिन्यात बसली, तर 'नाटकं' म्हणण्याआधी तिची बॅग घ्या आणि दोन मिनिटं तिच्याजवळ थांबा.