दुसऱ्या आठवड्याची वाट पाहणारा डॉक्टर

जुना खोकला घेऊन रुग्णालयात गेलेल्या माणसाच्या हाती एक लहानशी डबी देण्यात येते. सकाळी उठल्याबरोबर साध्या पाण्याने चूळ भरून, छातीतून खोकून काढलेला बेडका तीत आणावा, असे त्याला सांगितले जाते. सोबतच्या कागदावर ‘कल्चर’ हा शब्द असेल, तर निकालासाठी दोन ते सहा आठवडे, क्वचित त्याहूनही अधिक, थांबण्याची तयारी ठेवावी लागते. विज्ञानाने एवढी मजल मारलेली असताना बेडक्याच्या एका तपासणीला दीड महिना का लागावा, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरांच्या चरित्रात सापडते. त्या चरित्रात गौरवाइतकाच पश्चात्तापाचाही भाग आहे, म्हणून ते अधिक वाचनीय.

कॉख यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजी हार्त्स पर्वतातील क्लाउस्थाल या खाणींच्या गावी झाला. वडील खाण खात्यात नोकरीस, घरात तेरा भावंडे. १८६६ साली ग्योटिंगेन विद्यापीठाची वैद्यकीय पदवी त्यांनी घेतली. सांसर्गिक रोगांच्या मुळाशी सजीव कारण असले पाहिजे, असे १८४० सालीच मांडणारे हेन्ले तेथे त्यांचे गुरू होते. फ्रान्सबरोबरच्या युद्धात सैनिकांची सेवा करून १८७२ मध्ये ते वोल्श्टाइन या आडगावी जिल्हा वैद्यकीय अधिकारी झाले. (हे गाव आता पोलंडमध्ये आहे.) दिवसा रोगी पाहावयाचे आणि उरलेल्या वेळी घरातल्याच एका कोपऱ्यात सूक्ष्मदर्शकापुढे बसावयाचे, असा त्यांचा क्रम होता. गुरांना फाशी व माणसाला काळपुळी म्हणून छळणाऱ्या रोगाचा जंतू इतरांनीही पाहिला होता. तो बैलाच्या डोळ्यातील द्रवात वाढवून त्याचे सगळे जीवनचक्र कॉख यांनी पाहिले आणि त्याची बीजे मातीत वर्षानुवर्षे कशी टिकतात, याचा उलगडा केला. १८७६ साली ब्रेस्लाऊ येथे प्रा. कोन यांच्यासमोर त्यांनी हे प्रयोग करून दाखविले. ना विद्यापीठ, ना अनुदान, ना सहायक! अनुदानाच्या फायलीमागे धावण्यात उमेद खर्च करणाऱ्या आम्हां प्राध्यापकांना हा भाग वाचताना थोडे अवघडल्यासारखे होते.

१८८० साली ते बर्लिनच्या शाही आरोग्य कार्यालयात आले. तेथे त्यांच्यापुढची मुख्य अडचण शेतकऱ्याच्या अडचणीसारखी होती. तणात मिसळलेले पीक वेगळे कसे करावयाचे? रसात किंवा मांसाच्या पाण्यात जंतू वाढविले की दहा जातींची खिचडी होई आणि रोगाचा दोष कोणा एकावर ठेवता येत नसे. उकडलेल्या बटाट्याच्या कापावर निरनिराळ्या रंगांचे ठिपके उठतात आणि प्रत्येक ठिपका ही एकाच जातीची वस्ती असते, हे त्यांनी हेरले. घट्ट पृष्ठभागावर जंतू एकमेकांत मिसळत नाहीत, ही साधी वाटणारी गोष्ट पुढच्या सर्व जंतुशास्त्राचा पाया ठरली. पण बटाटा सर्व जंतूंना मानवेना आणि जिलेटिन वापरावे तर ते शरीराच्या उष्णतेला वितळून जाई. उपाय आला स्वयंपाकघरातून. कॉख यांच्याकडे काम करणारे डॉक्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी यांनी मुरंबे व जेली घट्ट करण्यासाठी वापरावयाचा समुद्रशैवालाचा पदार्थ सुचविला. आपल्याकडे तो चायनाग्रास या नावाने मिळतो, प्रयोगशाळेत त्याला अगार म्हणतात. कॉख यांच्या लेखात अगारचा उल्लेख आहे, या बाईंचा नाही. गृहिणीचे श्रम राष्ट्रीय उत्पन्नात धरले जात नाहीत, हे विद्यार्थ्यांना शिकविताना मला हे उदाहरण हटकून आठवते.

त्या काळी दर सात मृत्यूंपैकी एक क्षयाने होत असे आणि तोही बहुधा कमावत्या वयात. रोग आनुवंशिक आहे, असा समज दृढ होता. आपल्याकडेही क्षयाच्या घराण्यात सोयरीक करण्यास लोक कचरत, ते याच समजापोटी. क्षयाचा जंतू मेणचट आवरणाचा, साध्या रंगाला दाद न देणारा. कॉख यांनी रंगविण्याची नवी रीत योजून तो दृष्टीच्या टप्प्यात आणला. पण तो वाढेना. परीक्षानळीत तिरका गोठविलेला गुरांचा रक्तरस शरीराच्या उष्णतेत ठेवून ते थांबले. पहिला आठवडा काहीच दिसले नाही. इतर जंतू एका दिवसात वस्ती करतात, त्यामुळे नळी फेकून देणे हेच व्यवहाराला धरून होते. कॉख यांनी ती फेकली नाही. दुसऱ्या आठवड्यात कोरड्या पापुद्र्यासारखे बारीक कण उमटले. ते त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाढविले, गिनीपिगांना टोचले आणि त्या प्राण्यांत क्षय उत्पन्न झालेला दाखविला. बेडक्यात हे जंतू सापडतात आणि तो काही आठवडे वाळवून ठेवला तरी रोग देऊ शकतो, हेही त्यांनी सिद्ध केले. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनच्या शरीरक्रियाशास्त्र मंडळापुढे त्यांनी हे सर्व मांडले, तेव्हा सभेत कोणी एक शब्दही प्रतिवाद केला नाही. तो दिवस आता जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो.

आजचे कल्चर तत्त्वतः तेच आहे. काचपट्टीवर जंतू दिसण्यासाठी बेडक्याच्या दर मिलिलिटरमध्ये ते पाचदहा हजार तरी असावे लागतात. कल्चरला शंभराहून कमीही पुरतात. मात्र हा जंतू दुप्पट व्हावयास जवळजवळ एक दिवस घेतो, जेथे इतरांना अर्धा तासही पुष्कळ होतो. म्हणून साध्या न्यूमोनियाचे कल्चर दोनतीन दिवसांत होते आणि क्षयाचे आठवडे खाते. २०१० पासून प्रचारात आलेली जनुकीय चाचणी दोन तासांत जंतूची ओळख पटविते आणि रिफॅम्पिसिन या प्रमुख औषधाला तो जुमानतो की नाही, तेही सांगते. तिचे मोल मोठे आहे. तथापि मेलेल्या जंतूंचे अवशेषही तिला सापडतात; औषध घेणाऱ्याच्या छातीतील जंतू अजून जिवंत आहेत काय, हे वाढवून पाहिल्यावाचून कळत नाही.

शासकीय कार्यक्रमात ही तपासणी विनामूल्य आहे. प्रतीक्षा मात्र विनामूल्य नसते. आमच्या महाविद्यालयातील एका हंगामी शिपायाने डबीत नेली ती नुसती लाळ, कारण बेडका आणि लाळ यांतला फरक त्याला कोणी समजावून सांगितलाच नव्हता. जंतू नाहीत असा निर्वाळा घेऊन तो निर्धास्तपणे कामावर आला. चार महिन्यांनी कल्चर झाले आणि क्षय निघाला, तोवर त्याची धाकटी मुलगीही खोकू लागली होती. रुग्णालयाचा खर्च वाचला. तो कोणाच्या खाती पडला, हे सांगावयास नको.

कॉख यांचा आपल्या देशाशी संबंध दोनदा आला. पटकीचा शोध घेत ते इजिप्तमार्गे १८८३ च्या अखेरीस कलकत्त्यास पोहोचले आणि तेथे तो स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू शुद्ध स्वरूपात वाढवून, वस्तीच्या तळ्यातील पाण्यातही त्यांनी शोधून काढला. पुढे १८९७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील गुरांच्या बुळकांडीचे काम सोडून ते प्लेगच्या जर्मन आयोगासाठी मुंबईत आले. पुण्यात रँडचा वध झाला ते हेच वर्ष.

पण या दोन भेटींच्या मध्ये १८९० साल आहे आणि त्याबद्दल चरित्रकारांनाही सबुरीने लिहावे लागते. बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत, सरकारी वर्तुळाच्या आग्रहाखाली, कॉख यांनी क्षयाची वाढ रोखणारे द्रव्य सापडल्याचे जाहीर केले. ते कशाचे आहे, हे मात्र गुपित ठेवले. देशोदेशींचे रोगी बर्लिनकडे धावले, खाटा आणि कुप्या यांचा बाजार भरला. विक्रीच्या उत्पन्नाविषयी सरकारशी बोलणी चालू होती, म्हणजे माल सिद्ध होण्याआधीच नफ्याची वाटणी ठरत होती! रोगी मरू लागले. फिरखो यांनी शवविच्छेदनात रोग उलट पसरल्याचे दाखविले. १८९१ च्या आरंभी कॉख यांना ट्युबरक्युलिन म्हणजे क्षयजंतूंचा ग्लिसरीनमधील अर्क, हे सांगणे भाग पडले. बऱ्या झालेल्या गिनीपिगांचा पुरावाही ते नीट पुढे करू शकले नाहीत. एका नळीसाठी दोन आठवडे थांबणाऱ्या या माणसाला माणसांच्या बाबतीत थांबणे का जमले नाही? प्रतिस्पर्धी पाश्चर यांचे यश, राष्ट्राभिमान, पहिल्या संसाराची मोडतोड, पैशाची गरज, अशी अनेक कारणे दिली जातात. माझ्या मते मुख्य कारण हे, की १८८२ साली त्यांच्याकडून कोणाची काही मागणी नव्हती आणि १८९० साली साऱ्या जर्मनीची होती.

पुढेही चुका झाल्या. गुरांच्या क्षयापासून माणसाला फारसा धोका नाही, असे १९०१ साली लंडनला त्यांनी सांगितले आणि ते खोटे ठरले. आफ्रिकेत निद्रारोगावर त्यांनी दिलेल्या ॲटॉक्सिलच्या मोठ्या मात्रांनी कित्येकांची दृष्टी गेली. त्या माणसांना कोणी विचारलेही नव्हते. १९०५ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते क्षयावरील कामासाठी. २७ मे १९१० रोजी बाडेन-बाडेन येथे त्यांचे निधन झाले.

ट्युबरक्युलिन औषध म्हणून बाद झाले, पण शरीरात क्षयजंतूंचा शिरकाव झाला आहे काय, हे त्वचेवर पाहण्यासाठी त्याचे शुद्ध केलेले रूप अजून वापरतात. त्या शिपायाच्या मुलीच्या हाताला तेच टोचण्यात आले. तिसऱ्या दिवशी फुगवटा मोजण्यासाठी तिला पुन्हा आणावे लागले आणि शिपायाचा आणखी एक दिवस बिनपगारी गेला.