इयन डोनाल्ड

इयन डोनाल्ड (२७ डिसेंबर, इ.स. १९१० - १९ जून, इ.स. १९८७) हे ब्रिटिश प्रसूतिशास्त्रज्ञ होते. प्रसूतिशास्त्रातील सोनोग्राफीचे ते प्रवर्तक मानले जातात.

जीवन

डोनाल्ड यांचा जन्म इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात झाला. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात असताना त्यांना रडार व सोनार तंत्रांचा परिचय झाला. १९५४ साली ते ग्लासगो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

यंत्राची पारख

जुलै १९५५ मध्ये रेनफ्र्यू येथील बॉयलरच्या कारखान्यात, धातूतील भेगा शोधणाऱ्या यंत्रावर त्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी तपासल्या. तुलनेसाठी मांसाचा तुकडा घेतला होता. द्रवयुक्त व भरीव गाठींचे प्रतिध्वनी निरनिराळे आढळले. पुढे अभियंता टॉम ब्राऊन यांनी यंत्रात सुधारणा केल्या. जठराचा असाध्य कर्करोग असल्याचे निदान झालेल्या एका स्त्रीच्या पोटात या यंत्राने द्रवयुक्त गाठ दाखवली. ती बीजकोशातील निघाली व शस्त्रक्रियेने त्या स्त्रीचे प्राण वाचले. ब्राऊन व जॉन मॅकव्हिकर यांच्यासह लिहिलेला त्यांचा शोधनिबंध ७ जून, १९५८ रोजी 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला.

ज्ञात वस्तूवर यंत्र पारखण्याची रीत आजही रूढ आहे. शरीराच्या ऊतीसारख्या पदार्थात ठरावीक अंतरांवर बसवलेले बारीक तंतू वेगवेगळे दिसतात का, यावरून सोनोग्राफी यंत्राच्या प्रतिमेची सुस्पष्टता तपासतात.