गिटार न वाजवणारा लिओ फेंडर आणि माझा ४० वॅटचा अ‍ॅम्प

दोन वर्षांपूर्वी बोनसचे पैसे हातात आले आणि मी एक सेकंडहँड ट्यूब अ‍ॅम्प घेतला. ४० वॅटचा. पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये तो कसाबसा वर चढवला, गिटार लावली, व्हॉल्यूम १ वर ठेवला. आवाज एकदम मचूळ, जीवच नाही. ५ वर नेला आणि अंगावर काटा आला. नेमका हाच आवाज मला हवा होता! दहाव्या मिनिटाला बेल वाजली. शेजारच्या काकू होत्या. भांडल्या नाहीत. काकांचं हृदयाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी झोप सांगितलीय, एवढंच हळू आवाजात सांगून गेल्या. मला इतकं वाईट वाटलं की पुढचे तीन महिने अ‍ॅम्पवर चादर होती. विकून टाकायचं जवळपास ठरलंच होतं.

पण मी इंजिनिअर. विकण्याआधी प्रश्न तरी नीट समजून घेऊ म्हटलं. त्या शोधात एका माणसाचं आयुष्य हाती लागलं आणि उत्तरही तिथेच मिळालं. तो माणूस म्हणजे लिओ फेंडर.

रेडिओवाला लिओ

लिओचा जन्म १० ऑगस्ट १९०९ चा, अमेरिकेत कॅलिफोर्नियातला. आईवडील संत्र्यांची शेती करायचे. लहानपणीच आजारामुळे त्याचा डावा डोळा गेला आणि तिथे काचेचा डोळा बसवावा लागला. तेरा वर्षांचा असताना मामाने त्याला रेडिओच्या सुट्या भागांचं खोकं पाठवलं. पुढे मामाच्या दुकानात त्याने घरी बनवलेला रेडिओ पाहिला. त्यातून येणाऱ्या दणदणीत आवाजाने पोरगं जे वेडं झालं, ते कायमचं.

गंमत म्हणजे लिओने इंजिनिअरिंगची डिग्री घेतलीच नाही. तो शिकला अकाउंटिंग, नोकरीही हिशेबनिसाची केली. मंदीच्या काळात नोकरी गेली. मग १९३८ मध्ये ६०० डॉलर उसने घेऊन त्याने फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. आपल्याकडे आजोबांच्या पिढीत व्हॉल्व्हचे रेडिओ होते ना, चालू केल्यावर आधी तापायचे आणि मग बोलायचे? तेच व्हॉल्व्ह म्हणजे ट्यूब. लिओचं सगळं शिक्षण हे असले बिघडलेले रेडिओ उघडून झालं.

दुकानात गावातले वादकही अ‍ॅम्प दुरुस्तीला आणायचे. त्यांची तक्रार एकच होती. डान्स हॉलमध्ये ड्रम आणि ब्रासपुढे गिटार ऐकूच येत नाही. लिओने ती तक्रार मनावर घेतली. आधी डॉक कॉफमन या मित्राबरोबर, आणि १९४६ पासून स्वतःच्या कंपनीत, तो गिटार आणि अ‍ॅम्प बनवू लागला. पुढची यादी तुम्हाला माहीत असेल. टेलिकास्टर आणि प्रिसिजन बेस १९५१ च्या सुमारास, स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये. आज जगात कुठेही इलेक्ट्रिक गिटारचं चित्र काढा म्हटलं, तर बहुतेक जण यातलंच काहीतरी काढतील.

आणि हे सगळं करणाऱ्या माणसाला गिटार वाजवताच येत नव्हती! तो वादकांना बोलवायचा, त्यांच्या हातात नमुना द्यायचा, त्यांचं ऐकायचं आणि परत सोल्डरिंग आयर्न घेऊन बसायचा. आमच्या भाषेत सांगायचं तर युजर टेस्टिंग. आपण बनवलेलं अ‍ॅप आपण स्वतः वापरत नसलो तरी वापरणाऱ्याचं ऐकायचं, हे मला कॉलेजपेक्षा लिओने जास्त पटवलं.

जो दोष त्याला नको होता, तोच आपल्याला हवा आहे

लिओला स्वच्छ, खणखणीत आवाज आवडायचा. त्याचे पहिले गिऱ्हाईक कंट्री संगीतवाले होते, त्यांनाही तेच हवं असायचं. आवाज वाढवताना तो फाटू नये यासाठी त्याची वर्षानुवर्षं धडपड चालली होती. पण वादकांनी काय केलं? त्याचेच अ‍ॅम्प फुल्ल करून मुद्दाम आवाज फाडला, आणि त्यातून रॉकचा आवाज तयार झाला.

आता हा आवाज का फाटतो ते बघू. फोनने ऊन्हात फोटो काढला की कधीकधी आकाश पांढरंफटक होतं. सेन्सरची मर्यादा संपली की वरची सगळी माहिती एका रेषेत कापली जाते. आवाजाच्या लाटेचंही तसंच होतं. साध्या डिजिटल सर्किटमध्ये लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि कानाला खरखर बोचते. ट्यूब मात्र मर्यादेजवळ आली की लाटेचा माथा हळूहळू दाबते, गोलसर करते. त्यातून मूळ सुराबरोबर नवे सूर मिसळतात आणि आवाज भरीव, उबदार वाटतो. शिवाय जोरात वाजवलं की पॉवर सप्लाय क्षणभर दबतो आणि परत वर येतो. म्हणून अ‍ॅम्प तुमच्या बोटांना उत्तर देतोय असं वाटतं. स्पीकरचा कागदी कोनही ताणला जातो, त्याचाही वाटा असतोच.

अडचण अशी की पॉवर ट्यूबवर पुरेसा ताण आला तरच हे सगळं होतं. माझा ४० वॅटचा अ‍ॅम्प १ वर निवांत झोपलेला असतो, म्हणून आवाज मचूळ.

मोठा, अजून मोठा

१९५२ मध्ये लिओने बेस गिटारसाठी बासमन नावाचा अ‍ॅम्प आणला. गिटारवाल्यांनी तो पळवला. त्याचं पन्नासच्या दशकाअखेरचं, दहा इंची चार स्पीकर असलेलं मॉडेल इतकं गाजलं की लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानातल्या मंडळींनी त्यावरूनच आपला पहिला अ‍ॅम्प, जेटीएम-४५, बनवला. इकडे डिक डेल नावाचा सर्फ गिटारवाला इतक्या जोरात वाजवायचा की लिओचे अ‍ॅम्प आणि स्पीकर जळायचे. लिओ चिडला नाही. त्याने ती चाचणीच मानली आणि आणखी ताकदीचे अ‍ॅम्प बनवले.

पण त्याच कारखान्यातून एक छोटासा पेटाराही निघत होता, चॅम्प. शिकणाऱ्या पोरांसाठी बनवलेला, सर्वात स्वस्त. एकच ६व्ही६ पॉवर ट्यूब, जेमतेम ५ वॅट, आणि पन्नासच्या दशकातल्या मॉडेलवर फक्त एक बटण, व्हॉल्यूमचं. फुल्ल केला की तोही मोठ्या भावांसारखाच गुरगुरायचा. एरिक क्लॅप्टनने १९७० च्या लैला अल्बमसाठी स्टुडिओत असाच छोटा चॅम्प वापरला. विद्यार्थ्यांच्या खेळण्यातून एवढा मोठा आवाज!

वॅटचा घोळ

इथे मी पहिल्यांदा फसलो. ५ वॅट म्हणजे ४० वॅटच्या एक अष्टमांश आवाज, असं मला वाटलं. तसं नसतं. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणजे ४० चे ४ वॅट केले तरी आवाज फक्त निम्मा वाटतो. गिटारचा चांगला स्पीकर १ वॅटवर एक मीटर अंतरावर ९५ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. फ्लॅटमध्ये १ वॅटसुद्धा पुष्कळ झाला. म्हणून नुसता छोटा अ‍ॅम्प घेऊन काम भागत नाही. मग काय करायचं?

पहिला उपाय अ‍ॅटेन्युएटर. हा डबा अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसतो. अ‍ॅम्पच्या ट्यूब पूर्ण ताकदीने चालतात, पण बरीचशी वीज हा डबा उष्णता करून टाकतो आणि स्पीकरला थोडीशीच देतो. घेताना ओहमचा आकडा अ‍ॅम्पशी जुळतोय आणि डबा तेवढे वॅट झेलतोय का, हे बघाच.

दुसरा उपाय लोड बॉक्स. यात स्पीकर लागतच नाही. डबा अ‍ॅम्पला स्पीकर जोडल्यासारखं भासवतो, आणि स्पीकर व माइकची डिजिटल नक्कल, म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स, लावून आवाज हेडफोनमध्ये येतो. रात्री १ वाजता वाजवा, कुणाला पत्ता लागणार नाही.

तिसरा, मास्टर व्हॉल्यूमवाला अ‍ॅम्प. यात सुरुवातीच्या छोट्या ट्यूब फाडायच्या आणि शेवटी आवाज कमी करायचा. पॉवर ट्यूबचा भरीवपणा यात कमी मिळतो, पण खर्च वाचतो.

आणि दोन गोष्टी डोक्यात कोरून ठेवा. स्पीकर किंवा लोड न जोडता ट्यूब अ‍ॅम्प कधीही चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि अ‍ॅम्प स्वतः उघडू नका. आत ३०० ते ४०० व्होल्ट किंवा जास्तही असतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते राहू शकतात.

अजून एक. हळू आवाजात आपल्या कानाला बेस आणि ट्रेबल कमी ऐकू येतात. त्यामुळे टोनची बटणं ज्या आवाजात वाजवणार, त्याच आवाजात लावा.

शेवटपर्यंत वर्कशॉपमध्ये

लिओची प्रकृती सायनसच्या जुन्या संसर्गाने खालावत गेली. आपण फार जगणार नाही असं वाटून त्याने जानेवारी १९६५ मध्ये कंपनी सीबीएसला १.३ कोटी डॉलरना विकली. काही वर्षांनी डॉक्टर बदलला, उपचार बदलले आणि गडी ठणठणीत बरा झाला! पण कंपनी, आणि तिच्याबरोबर स्वतःचं नावही, हातातून गेलेलं. दुसरा कुणी कुढत बसला असता. लिओने आधी म्युझिक मॅन आणि मग जी अँड एल या कंपन्यांत परत गिटार बनवायला घेतल्या. पुढे पार्किन्सन्सने हात थरथरू लागले, तरी वर्कशॉप सुटलं नाही. २१ मार्च १९९१ ला तो गेला. पुढच्याच वर्षी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं. एकही गाणं न वाजवता!

मी अ‍ॅम्प विकला नाही. अडचण दिसली की यंत्र फेकायचं नाही, मध्ये काय बसवता येईल ते बघायचं, हे लिओकडून घेतलं. अ‍ॅटेन्युएटर आणला, आवाज टीव्हीच्या पातळीवर ठेवला आणि आधी काकूंना घरी बोलावून, दार लावून, त्यांच्या बाजूला ऐकू येतं का ते तपासून घेतलं. काका आता बरे आहेत. परवा जिन्यात भेटले आणि विचारत होते, हल्ली गिटार बंद केलीस का रे?

रोज वाजवतो, म्हटलं. यापेक्षा चांगला टेस्ट रिझल्ट मला मिळाला नसता.