प्रथम प्रार्थना : रेव्हरंड नारायण वामन टिळक

संकट आले की माणूस आधी काय करतो? कोणी पैशाची जुळवाजुळव करतो, कोणी वशिल्याच्या माणसाकडे धाव घेतो, कोणी नशिबाला बोल लावून स्वस्थ बसतो. सगळे उपाय थकले म्हणजे मग देवाची आठवण होते. परीक्षेच्या आदल्या रात्री आपणा विद्यार्थ्यांना देव जितका जवळचा वाटतो तितका तो जून महिन्यात वाटत नाही, हे आपल्या प्राध्यापकांनाही चांगले ठाऊक आहे. ख्रिस्ती धर्माची शिकवण मात्र हा क्रम उलटा करायला सांगते. आधी प्रार्थना, मग निर्णय, मग कृती. हा क्रम पाळणे किती अवघड आहे आणि तो पाळला तर आयुष्य कुठल्या कुठे जाते, हे पाहायचे असेल तर आपल्याला दूर जावे लागत नाही. ज्या शहराला आज अहिल्यानगर म्हणतात, त्या अहमदनगरात आयुष्याची मोलाची वर्षे घालवलेल्या एका कवीचे चरित्र त्यासाठी पुरेसे आहे. हे कवी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

शाळेत ‘केवढे हे क्रौर्य’ ही त्यांची कविता वाचून डोळे ओलावले नाहीत असा मराठी वाचक विरळा. फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. पण फुलांवर आणि मुलांवर माया करणाऱ्या या माणसाने आयुष्यभर केवढी वादळे अंगावर घेतली, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. कवितेची आवड त्यांना आईकडून मिळाली. वडील कडक स्वभावाचे होते. आई लहानपणीच गेली आणि घरातला ओलावा तिच्याबरोबर संपला. नारायणाने घर सोडले व तो नाशिकला येऊन पोचला. तेथे पडेल ते कष्ट करीत त्याने संस्कृतचे व थोडे इंग्रजीचे शिक्षण घेतले. पण पदवीपर्यंत काही जाता आले नाही. १८८० साली जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका या मुलीशी त्यांचे लग्न झाले. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. ‘स्मृतिचित्रे’ लिहून मराठी गद्यात अढळ स्थान मिळवणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक त्या ह्याच.

टिळकांचा स्वभाव मोठा विलक्षण होता. मनात आले की ते घराबाहेर पडत, आणि कुठे गेले, कधी येतील, याचा घरच्यांना पत्ता नसे. कधी शिक्षक, कधी पुराणिक, कधी छापखान्यात जुळारी असे नाना उद्योग त्यांनी केले. एका गावी एका नोकरीत पाय ठरत नसे. राग क्षणात येई व क्षणात जाई. हाती आलेला पैसा समोरच्या गरजू माणसाला देऊन टाकताना घरात दाणा आहे की नाही याची आठवण त्यांना राहत नसे. थोडक्यात, आधी करायचे आणि मग विचार करायचा, अशी ही प्रकृती. अशा माणसाच्या आयुष्यात प्रार्थनेला पहिले स्थान मिळाले, यातच त्यांच्या चरित्राचे मर्म आहे, असे मला वाटते. शांत स्वभावाचा माणूस संकटात शांत राहिला तर त्यात नवल ते काय?

१८९१ साली टिळक नागपूरला संस्कृत ग्रंथांच्या कामावर होते. देशाच्या दैन्याने ते अस्वस्थ झाले होते. धर्म सुधारल्याशिवाय देश सुधारणार नाही अशी त्यांची खात्री झाली होती, आणि एक नवाच धर्म स्थापावा असे विचारही मनात घोळत होते. अशा मनःस्थितीत १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाशी त्यांची गाठ पडली. काव्यशास्त्रविनोद झाला. उतरताना त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची एक प्रत दिली, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. पुस्तक वाचीन असा शब्द दिला होता म्हणूनच टिळकांनी ते उघडले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते आले मात्र, त्यांचे पाऊल तेथून पुढे निघेना.

या प्रवचनात शत्रूवर प्रेम करण्याची आज्ञा आहे, तशीच प्रार्थनेचीही शिकवण आहे. लोकांना दिसावी म्हणून चव्हाट्यावर प्रार्थना करू नये, खोलीत जाऊन दार लावून घ्यावे व एकांतात पित्याशी बोलावे. फार शब्द वापरण्याचे कारण नाही, कारण मागण्यापूर्वीच त्याला आपली गरज ठाऊक असते. उद्याच्या अन्नवस्त्राची काळजी करण्याआधी देवाच्या राज्याचा शोध घ्यावा. टिळकांनी यातले काही वाचून बाजूला ठेवले नाही. पुढच्या आयुष्यात ते एकेक करून त्यांना अमलात आणावे लागले.

मुंबईच्या अमेरिकन मिशनमधील ॲबट साहेबांशी त्यांनी पत्रव्यवहार केला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या काळी ब्राह्मणाने ख्रिस्ती होणे म्हणजे जिवंतपणी घरादाराला मुकणे होते. आप्तांनी त्यांना मेल्यात जमा केले. लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळले. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, पदरी दत्तू हा लहान मुलगा. त्या माहेरच्या माणसांच्या आश्रयाला राहिल्या. पंढरपूरला विठोबाच्या पायाशीही त्यांनी काही काळ काढला. नवरा-बायकोची ही ताटातूट जवळजवळ पाच वर्षे चालली.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. कायद्याने नवऱ्याचा हक्क त्या काळी मोठा होता, आणि टिळकांचा स्वभाव तर उतावळा. बायकोमुलाला ओढून आणणे त्यांना अगदीच अशक्य होते असे नाही. पण तसे त्यांनी केले नाही. पत्रे लिहिली, भेटीगाठी घेतल्या, रागावले, रडले. आणि वाट पाहिली. पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरला आल्या, तेव्हाही त्यांचे सोवळेओवळे, त्यांचा वेगळा स्वयंपाक, त्यांचे वेगळे पाणी यांची सोय टिळकांनी लावून दिली. धर्म बदल असा आग्रह धरला नाही. जे देवाच्या हाती सोपवले त्यात आपण हात घालायचा नाही, हा प्रार्थनेचा सर्वांत कठीण भाग असतो. मागणे सोपे आहे. मागून झाल्यावर थांबणे फार अवघड आहे.

लक्ष्मीबाईंचे मन पालटले ते त्यांच्या स्वतःच्याच विचाराने. जनावरांच्या जाती देवाने केल्या, पण माणसामाणसांतल्या जाती माणसाने केल्या, हे एके दिवशी त्यांना लख्ख दिसले, आणि त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी प्यायला सुरुवात केली. पुढे १९०० साली राहुरी येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

राहुरीचे ते दिवस दुष्काळाचे होते. १८९६–९७ च्या दुष्काळातून लोक सावरतात न सावरतात तोच १८९९–१९०० चा दुष्काळ आला. प्लेगाची भीती होतीच. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. पाऊस रुसला की काय होते हे आपल्या वाडवडिलांकडून आपण ऐकलेले आहे. अशा वेळी भुकेल्या माणसासमोर प्रार्थनेची गोष्ट काढणे हे ढोंग नव्हे काय, असा प्रश्न आजचा विद्यार्थी विचारील, आणि तो विचारलाच पाहिजे. टिळक दांपत्याने त्याचे उत्तर शब्दांनी दिले नाही. त्यांच्या घरात अनाथ मुले येऊन राहू लागली. मिळकत तुटपुंजी, घर लहान, तरी पानावर बसणाऱ्यांची संख्या वाढतच गेली. रोजची भाकर आज आम्हांला दे, असे ख्रिस्ती माणूस प्रार्थनेत म्हणतो. त्या मागण्यात ‘मला’ नसून ‘आम्हांला’ आहे. हे ज्याला कळले, त्याला ती प्रार्थना करून झाल्यावर एकट्याने जेवायला बसता येत नाही. प्रार्थनेने टिळकांची जबाबदारी कमी झाली नाही. ती वाढली. या संसाराचा गाडा ओढताना लक्ष्मीबाईंची काय तारांबळ उडे, हे त्यांनी हसत हसत लिहून ठेवले आहे. परंतु त्या हसण्यामागचे कष्ट वाचकाच्या नजरेतून सुटत नाहीत. नवऱ्याच्या श्रद्धेचा निम्मा भार बायकोच्या डोक्यावर होता, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

अमेरिकन मराठी मिशनचे अहमदनगरातील काम १८३१ पासूनचे. तेथील थिऑलॉजिकल सेमिनरीत टिळक शिकवू लागले. डॉ. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांच्यासारख्या थोर मिशनऱ्यांचा सहवास त्यांना लाभला. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १८४२ साली नगरला सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या पत्राच्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी १९१२ पासून अखेरपर्यंत केले. बालकवी ठोमरे हे त्यांच्या नगरच्या घरी मुलासारखे राहिले, आणि त्यांच्या प्रतिभेला तेथे मायेची ऊब मिळाली.

पण टिळकांचे सर्वांत मोठे कार्य वेगळेच आहे. मराठी ख्रिस्ती मंडळीला त्यांनी प्रार्थनेची भाषा दिली. तोपर्यंत देवळात गायली जाणारी बरीच गीते परभाषेतून आलेली, परक्या चालींवर बसवलेली असत. खेड्यातल्या माणसाच्या ओठांवर ती रुळत नसत. टिळकांनी अभंग घेतला, ओवी घेतली, भजन आणि कीर्तन घेतले. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मोकळेपणाने मानीत. ‘अभंगांजली’तील रचना पाहिल्या म्हणजे हे कळते. तेथे ख्रिस्त हा दूरच्या सिंहासनावरचा राजा नाही. तो माउली आहे, गुरू आहे. त्याच्याशी लाडाने बोलता येते, त्याच्यावर रुसताही येते. माणूस दुःखात आपल्या आईच्या भाषेत रडतो. मग त्याने प्रार्थना तरी दुसऱ्या भाषेत का करावी? आज नगर जिल्ह्यातल्या कोणत्याही गावी रविवारच्या उपासनेला गेले, तर टिळकांचे पद कानी पडण्याचा संभव फार मोठा आहे. ज्या बाईला लिहितावाचता येत नव्हते, तिलाही संकटाच्या वेळी तोंडात यावे असे काही तरी त्यांनी देऊन ठेवले.

१९१७ साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्यांनी आणखी एक धाडस केले. मिशनची पगारी नोकरी सोडली. हिंदी ख्रिस्ती माणसाने परदेशी पैशाच्या व परदेशी साहेबाच्या आधाराने उभे राहू नये, हे त्यांचे मत जुनेच होते. आता ते कृतीत आणायचे होते. पेन्शनीचे दिवस जवळ आलेले, प्रकृती थकलेली. आणि हातचा ठरलेला पगार सोडून केवळ देवावर भिस्त ठेवायची! साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व भक्त तेथे बंधुभावाने एकत्र यावेत, ही त्यामागची कल्पना होती. डोंगरावरच्या प्रवचनातले उद्याच्या काळजीचे वचन त्यांनी अशा रीतीने अखेरच्या काळात कसोटीला लावले.

त्यांच्या सगळ्या प्रार्थना फळाला आल्या काय? नाही. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून बालकवी गेले. तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते. १९०९ साली हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले. दरबाराचे रोपटे रुजण्याइतका अवधी मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. इस्पितळात टिळकांचे निधन झाले.

म्हणून प्रार्थना ही हमखास यशाची किल्ली आहे, असे त्यांच्या चरित्रावरून कोणी सांगू लागला तर त्यावर विश्वास ठेवू नये. टिळकांना प्रार्थनेने मिळाले ते निराळेच. उतावळ्या माणसाला पाच वर्षे वाट पाहण्याचे बळ मिळाले. फकिरी वृत्तीच्या माणसाला दुष्काळात घर मोठे करण्याची छाती मिळाली. म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाला पगार सोडण्याची निर्भयता मिळाली. परिस्थिती बदलली नाही तेथे माणूस बदलला. आणि माणूस बदलला की परिस्थितीही पहिल्यासारखी राहत नाही, हे लक्ष्मीबाईंकडे पाहून कळते. एके काळी नवऱ्याच्या धर्मांतराने उद्ध्वस्त झालेल्या या बाईंनी त्याच्या मागे ‘ख्रिस्तायना’त साठांहून अधिक अध्यायांची भर घालून ते तडीस नेले. शाळेत कधी न बसलेल्या हातांनी ते काम पुरे व्हावे, याला उत्तर मिळणे म्हणायचे की नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे.

आपण कोणत्या धर्माचे आहोत हा येथे प्रश्न नाही. आपल्या वर्गात मशिदीत जाणारे आहेत, मारुतीला तेल वाहणारे आहेत, चर्चमध्ये जाणारे आहेत, आणि कोठेच न जाणारेही आहेत. संकटे मात्र सर्वांवर येतात. बाप आजारी पडतो, पीक जाते, फी भरायला पैसे नसतात, मैत्री तुटते. अशा वेळी धावपळ करण्याआधी दार लावून क्षणभर गप्प बसावे, आपल्याहून मोठे असे जे काही आपण मानतो त्याच्यापुढे आपली लाज, आपला राग, आपली भीती मोकळी करावी, आणि मग उठून दार उघडून कामाला लागावे. नगरच्या या कवीने हेच केले. दार उघडल्यावर ओसरीवर कोणी भुकेले मूल उभे असेल, तर त्याला आत घ्यायलाही ते विसरले नाहीत.