पंडित अयोथीदास : जनगणनेत आपण कोण?

जनगणना जवळ आली की आपल्या वस्त्यांत तीच चर्चा सुरू होते. धर्म बौद्ध लिहायचा, हे ठरलेले. पण जात काय लिहायची? १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, तरी दाखल्यावरचे जुने नाव काही सुटले नाही. हाच पेच बाबासाहेबांच्या जन्माआधी तमिळ मुलखातल्या एका सिद्ध वैद्याने अंगावर घेतला होता.

२० मे १८४५ रोजी परैयर समाजात जन्मलेल्या कातवरायन यांनी पुढे आपल्या गुरूंचे नाव धारण केले आणि ते अयोथीदास झाले. १८८१ च्या जनगणनेच्या वेळी त्यांनी सरकारकडे मागणी केली, की आमच्या लोकांना हिंदू न लिहिता आदि तमिळ लिहा. सरकारने ती मानली नाही. १८९१ मध्ये त्यांनी द्रविड महाजन सभा उभी केली. पुढच्याच वर्षी मद्रासच्या एका सभेत त्यांनी मंदिरप्रवेश आणि मुलांसाठी शाळा मागितल्या. मंदिराचे नाव निघताच सभेतले सवर्ण खवळले. ज्या धर्मात आपल्याला घुसडले जाते, त्याच धर्माचे दार आपल्याला बंद, हे तिथे उघड झाले.

घरातही एकमत नव्हते. त्यांचे मेहुणे रेट्टमलै श्रीनिवासन, जे पुढे गोलमेज परिषदेत बाबासाहेबांसोबत बसले, त्यांनी १८९३ मध्ये आपल्या पत्राचे नावच 'परैयन' ठेवले. शिवी म्हणून फेकलेले नाव ताठ मानेने मिरवायचे, ही त्यांची भूमिका. अयोथीदासांना ते नाव शत्रूने चिकटवलेले वाटे. दोघांतले कोण बरोबर, हे आम्हाला आजही ठामपणे सांगता येत नाही.

१८९८ मध्ये कर्नल ऑल्कॉट यांच्या मदतीने ते कोलंबोला गेले, भिक्खू सुमंगल यांच्याकडून दीक्षा घेतली आणि मद्रासला परतून शाक्य बौद्ध संघ स्थापला. कोलारच्या सोन्याच्या खाणींतले मजूर, रंगूनला गेलेले तमिळ त्यात आले. १९०७ पासून एक पैसा किमतीच्या साप्ताहिकातून ते मांडत राहिले, की आपण मूळचे बौद्ध आणि जात नंतर लादली गेली. १९११ च्या जनगणनेत बौद्ध म्हणून नोंद करा, असा त्यांचा आग्रह होता.

पण मूळचे कोण, हे ठरवायला बसले की कोणीतरी बाहेर राहतेच. अयोथीदासांनी चक्किलियर, कुरवर यांसारख्या समाजांना आपल्या पंक्तीत धरले नाही. त्यांना स्वभावतःच खालचे मानले. ही त्यांची मोठी चूक होती, आणि जयंतीच्या भाषणांत ती लपवू नये. बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात नाकाच्या मोजमापांचे आकडे तपासून दाखवले, की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत. वंशाचा धागा त्यांनी सोडला. अस्पृश्य पूर्वी बौद्ध होते, हा धागा मात्र त्यांनीही धरला.

५ मे १९१४ रोजी पंडितजींचे निधन झाले. त्यांच्या चळवळीतले सहकारी प्रा. लक्ष्मी नरसू यांचे बौद्ध धम्मावरील पुस्तक बाबासाहेबांनी त्याच १९४८ साली स्वतःची प्रस्तावना जोडून पुन्हा छापून घेतले.