केसरबाईंचा सूर आणि आमचा टेपरेकॉर्डर

सुरश्री केसरबाई केरकर यांचा जन्म १३ जुलै १८९२ रोजी गोव्यातील केरी या गावी झाला. बालवयात कोल्हापुरास अब्दुल करीम खाँसाहेबांची तालीम काही महिने मिळाली. पुढे गोव्यात रामकृष्णबुवा वझे यांची. मुंबईस आल्यावरही गुरूंचा शोध चालूच राहिला. अखेर १९२१ पासून जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब लाभले आणि त्या गळ्याला कायमची वाट सापडली. १९५३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व १९६९ साली पद्मभूषण, असे मानसन्मान त्यांच्याकडे चालत आले.

एवढ्या थोर गायिकेच्या ध्वनिमुद्रिका मात्र मोजक्याच आहेत. ध्वनिमुद्रणाबाबत बाई फार चोखंदळ होत्या. शिवाय ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे. सावकाश उलगडणारा त्यांचा राग तिथे मावणार कसा? पुढे स्पूलचे टेपरेकॉर्डर आले. १२०० फुटांची फीत सेकंदाला साडेसात इंच वेगाने ३२ मिनिटे चालते. बाईंच्या मैफलींची काही खाजगी मुद्रणे अशा फितींमुळेच उरली.

त्यांपैकी एकाची नक्कल रोह्यास माझ्या मामांकडे आहे. सुट्टीत पेणहून गेले की यंत्राची निगा माझ्याकडे असते. फितीवरील लोहभस्माची तपकिरी पूड हेडवर बसते आणि आवाज घुसमटतो. काडीला कापूस गुंडाळून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून मी हेड आणि फीत ओढणारा लोखंडी दांडा पुसते. रबरी चाकाला मात्र सौम्य साबणाचे पाणी. अल्कोहोलने रबर कडक होते. हेडमध्ये साठलेले चुंबकत्व उतरवताना यंत्र बंद आणि फीत दुसऱ्या खोलीत! आमच्या दमट हवेत बुरशीचे भय असतेच. म्हणून स्पूल कोरड्या डब्यात उभी ठेवते.

तरीही प्रत्येक वेळी थोडी पूड झडतेच. मामांना संध्याकाळी बाई ऐकायच्या असतात. मी म्हणते, आता एकदाच वाजवायची, तीही संगणकावर उतरवून घेण्यासाठी. हा वाद अजून मिटलेला नाही. मामांचे वय पाहता मला फार ताणताही येत नाही.

१९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमेरिकेची दोन व्हॉयेजर याने अवकाशात गेली. त्यांच्यावरील सोनेरी तबकडीत केसरबाईंची भैरवी आहे. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला बाई निवर्तल्या. ती तबकडी आता कुणाच्या हाती लागणार नाही, आणि तिला पुसायलाही नको. माळ्यावरच्या फितींचे तसे नाही. पेण-रोह्याच्या जुन्या घरांत अशा फिती असतील, तर मित्रमैत्रिणींनो, कुतूहलाने लगेच बटण दाबू नका. आधी हेड पुसा.