ग्रंथाला वाचक मिळवून देणारा गणिती

गोष्ट माझ्या संशोधनाच्या उमेदवारीच्या काळातील आहे. आपल्या भागातील जुन्या तळ्यांचे पाणीवाटप हा विषय मी प्रबंधासाठी मनाशी निश्चित केला होता. विषय अर्थशास्त्राचा, म्हणून अर्थशास्त्रातील प्रबंधांच्या याद्या चाळल्या. त्यांत तसे काही आढळले नाही. मग दोन वर्षे गावोगाव हिंडलो, तळी मोजली, पाटकऱ्यांशी बोललो, गावांची यादी तयार केली. पुढे एका चर्चासत्रात एका वयोवृद्ध प्राध्यापकांनी सहज विचारले की, हे काम भूगोल विषयात पूर्वीच झाले आहे, ते आपण पाहिले नाही का?

मी त्या विद्यापीठात गेलो. प्रबंधांची कपाटे कुलूपबंद होती आणि नोंदवही केवळ सालवार होती. विषयावरून शोधण्याची काहीच सोय नव्हती. दीड दिवस पाने उलटल्यावर तो प्रबंध हाती आला. जी यादी करण्यात माझी दोन वर्षे गेली, ती त्यात होती आणि माझ्या यादीपेक्षा अधिक नेटकी होती. प्रबंध पाहणाऱ्याने सही करावी म्हणून तेथे एक वही ठेवलेली होती. या प्रबंधासमोर तोवर कोणाचीही सही नव्हती.

खिन्न मनाने परत आलो. ही हकीकत आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना सांगितली, तेव्हा ते म्हणाले की, चूक तुमचीही नाही आणि त्या प्रबंधकाराचीही नाही, तुम्हा दोघांची गाठ घालून देणारे कोणी नव्हते, एवढेच. आणि त्यांनी डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांचे एक पुस्तक माझ्या हाती ठेवले. त्या पुस्तकामुळे मी या माणसाच्या चरित्राकडे वळलो. आपल्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांनी हे नाव केवळ १२ ऑगस्टच्या ग्रंथपाल दिनाला ऐकलेले असते. म्हणून त्यांची ओळख करून देण्याचा हा अल्प प्रयत्न.

रंगनाथन यांचा जन्म १८९२ साली तंजावर जिल्ह्यातील शियाळी या गावी झाला. सहा वर्षांचे असताना वडिलांचे छत्र हरपले. मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात त्यांनी गणिताचे शिक्षण घेतले. तेथे प्रा. एडवर्ड रॉस यांच्यासारखा गुरू त्यांना लाभला. १९१७ साली ते सरकारी सेवेत अध्यापक म्हणून रुजू झाले, ते मंगळूरच्या सरकारी कॉलेजात. म्हणजे त्यांच्या अध्यापनाचा श्रीगणेशा कन्नड मुलुखातच झाला. पुढे कोइमतूर आणि मग मद्रासचे प्रेसिडेन्सी कॉलेज. बोलताना ते अडखळत. पण त्यावर मात करून ते विद्यार्थिप्रिय शिक्षक झाले. गणित शिकवावे आणि गणितात संशोधन करावे, यापलीकडे त्यांची काही अपेक्षा नव्हती.

१९२३ साली मद्रास विद्यापीठाने ग्रंथपालाची जागा काढली. पगार बरा होता म्हणून रंगनाथन यांनीही अर्ज केला. सुमारे नऊशे अर्ज आले. ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण कोणाचेच झालेले नव्हते. रंगनाथन यांनीही मुलाखतीपूर्वी ब्रिटानिका विश्वकोशातील ग्रंथालयावरचा लेख तेवढा वाचला होता! संशोधनाची जाण असलेला माणूस हवा, या विचाराने समितीने त्यांची निवड केली. जानेवारी १९२४ मध्ये ते रुजू झाले. पण विद्यार्थ्यांच्या गजबजाटात रमणाऱ्या या माणसाला तेथला एकांत सोसेना. थोड्याच दिवसांत ते जुन्या कॉलेजात जाऊन, मला परत घ्या, म्हणून विनवू लागले. अखेर असे ठरले की, त्यांनी ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासासाठी इंग्लंडला जावे आणि त्यानंतरही मन लागले नाही तर खुशाल परत यावे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांना बर्विक सेअर्स यांचे मार्गदर्शन लाभले. शंभराहून अधिक ग्रंथालये त्यांनी डोळसपणे पाहिली. त्यांच्या ध्यानी आले की, ग्रंथालय ही पुस्तकांची कोठी नसून शिक्षणाचे साधन आहे. वर्गीकरणातील गणिताने तर त्यांना भारून टाकले. तेव्हाच्या पद्धतींत विषयांची यादी आधीच तयार असे आणि ग्रंथ त्यांतल्या कोणत्या तरी एका खणात बसवावा लागे. नवा विषय निघाला की त्याला खण नाही! अशातच लंडनच्या एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकानो हा खेळ पाहिला. पट्ट्या, चाके आणि स्क्रू तेच, पण जोडावे तसे खेळणे नवे. विषयांचेही असेच करता येईल, हा विचार त्यांना सुचला. १९२५ साली परतीच्या बोटीवरच ते या कामाला लागले. गणिताच्या वर्गात ते पुन्हा गेले नाहीत.

त्यातून १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण, म्हणजे कोलन वर्गीकरण, हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रत्येक विषयाचे घटक निरनिराळे करावेत, त्यांना खुणा द्याव्यात आणि चिन्हांनी जोडावेत, हे त्याचे सार. एक उदाहरण पाहू. फुप्फुसाच्या क्षयावर क्ष-किरणांनी उपचार करण्यासंबंधी भारतात १९५० साली झालेले संशोधन. येथे वैद्यक हे शास्त्र, फुप्फुस हा अवयव, क्षय हा रोग, उपचार ही क्रिया, शिवाय देश आणि काळ. रंगनाथन यांच्या पद्धतीत वैद्यकाला एल, भारताला ४४, सन १९५०ला एन ५ अशा खुणा आहेत. त्या क्रमाने मांडल्या की त्या विषयाला त्याचा हक्काचा क्रमांक मिळतो.

प्रबंधाचा विषय असाच असतो, हे मला तेव्हा उमगले. पाठ्यपुस्तकाला एक खण पुरतो. प्रबंधाला मात्र चार शास्त्रांच्या सीमेवर बसावे लागते. तळ्यांवरचा प्रबंध भूगोलाचा, तसाच अर्थशास्त्राचा, इतिहासाचा आणि शेतीचाही. तो केवळ एका विभागाच्या यादीत नोंदवला, तर इतर विभागांना तो नसल्यासारखाच. रंगनाथन यांनी यावरही उपाय शोधला होता. वर्गक्रमांकातील एकेका कडीवरून सूचीत एकेक नोंद करायची, म्हणजे वाचक कोणत्याही शब्दाच्या वाटेने आला तरी मुक्कामी पोचतो. त्यांची ही साखळी-पद्धत ब्रिटनच्या राष्ट्रीय ग्रंथसूचीनेही १९५०च्या सुमारास स्वीकारली.

परंतु या तंत्रामागे एक तत्त्व होते आणि ते अधिक मोलाचे आहे. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. ग्रंथ उपयोगासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचावा आणि ग्रंथालय हे वाढती संस्था आहे, असा त्यांचा आशय. त्यांतील तिसरा नियम वाचताना मला सहीविना राहिलेली ती वही आठवली, आणि चौथा वाचताना माझी दोन वर्षे!

रंगनाथन यांचे कष्ट थक्क करणारे होते. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही विधी आटोपून ते ग्रंथालयात कामावर गेले. १९४५ मध्ये ते बनारस हिंदू विश्वविद्यालयात गेले आणि सुमारे एक लाख ग्रंथांचे वर्गीकरण त्यांनी जवळजवळ एकहाती केले. त्यानंतर दिल्ली विद्यापीठात त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे उच्च शिक्षण आणि संशोधन सुरू केले. पुढे उज्जैनच्या विक्रम विद्यापीठातही त्यांनी अध्यापन केले. विद्यापीठ अनुदान मंडळाने ग्रंथालयांसाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. १९५६ साली आयुष्यभराची एक लाख रुपयांची बचत त्यांनी पत्नीच्या नावे अध्यासन स्थापण्यासाठी मद्रास विद्यापीठाला देऊन टाकली. १९६२ साली बंगळूर येथे त्यांनी प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे केले. १९६५ साली ते राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले. २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळूर येथेच त्यांचे निधन झाले.

त्यांची पद्धत सर्वत्र रुजली असे मात्र नाही. ती कठीण आहे, आवृत्तीगणिक बदलत गेली, आणि आपल्या देशातील बहुतेक ग्रंथालये आजही ड्यूई यांचीच दशांश पद्धत वापरतात. परंतु विषयाचे घटक पाडून शोध घेण्याचा त्यांचा विचार मागे पडला नाही. आज संगणकावर प्रबंध शोधताना विषय, विद्यापीठ, वर्ष असे एकेक निवडून आपण यादी लहान करत जातो, त्यामागे हीच विचारसरणी आहे.

माझ्या उमेदवारीच्या काळी भारतीय विद्यापीठ संघाच्या छापील सूच्या आणि त्यांच्या साप्ताहिकातील प्रबंधांच्या याद्या हाच काय तो आधार होता. २००९च्या नियमांनंतर विद्यापीठांना पीएच.डी.चे प्रबंध संगणकीय स्वरूपात सादर करणे आवश्यक झाले आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात आता लाखो प्रबंध घरबसल्या पाहता येतात. कुलपे निघाली, ही आनंदाची गोष्ट. पण शोधणाऱ्याने एकाच शास्त्राच्या दारावर थाप मारली, तर अजूनही माझ्यासारखीच फसगत होईल. तळे, केरे, टँक; जलसिंचन, नीरावरी, इरिगेशन; भूगोल, इतिहास, शेती, सर्व शब्दांनी आणि सर्व शाखांत शोधावे. आपल्या सीमाभागात तर मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत शोधणे अगत्याचे आहे. आणि आपला प्रबंध लिहिताना शीर्षकात गावाचे, काळाचे व विषयाचे नाव स्पष्ट घालावे, म्हणजे उद्याच्या वाचकाला तो सापडेल.

माझे काम वाया गेले का? नाही. तो प्रबंध जेथे संपला होता, तेथून मी पुढे सुरुवात केली आणि माझ्या पहिल्याच प्रकरणात त्या भूगोलाच्या अभ्यासकाचे ऋण नोंदवले. त्या वहीत मीही सही करून आलो होतो. मित्रहो, पुढच्या वेळी विषय घेऊन मार्गदर्शकांकडे जाल, तेव्हा त्याआधी एकदा आपल्या ग्रंथपालांकडे जाऊन या.